तिसरीचं पहिलं सत्र: जून ते दिवाळी मूल नेमकं काय शिकतं?

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पालकांच्या हातात पुस्तकं येतात, वेळापत्रक येतं आणि थोड्याच दिवसांत एकच प्रश्न सुरू होतो: "किती धडे झाले?" प्राथमिक शाळेच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. धडे संपतातच. शिक्षकांना ते संपवावेच लागतात. पण धडा झाला म्हणजे त्या धड्यातून यायला हवं होतं ते मुलाला आलं, असं होत नाही. इथे राज्य मंडळाच्या मराठी माध्यमातली इयत्ता तिसरी उदाहरण म्हणून घेतली आहे. कारण तिसरी हे वळणाचं वर्ष आहे. दुसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं आणि तिसरीपासून त्याला वाचून शिकावं लागतं. त्या वळणावर जे मागे राहतं, त्याचा त्रास चौथी-पाचवीत सगळ्याच विषयांत दिसतो.

आधी वेळेचा हिशेब पाहू. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. म्हणजे एका सत्राच्या वाट्याला ढोबळमानाने शंभर दिवस आणि चारशे तास येतात. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्यावर उघडते. विदर्भात उन्हामुळे आणखी थोडी उशिरा. पहिलं सत्र दिवाळीच्या सुट्टीला संपतं. या चारशे तासांत प्रथम भाषा, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण एवढे विषय बसवायचे असतात. सुरुवातीचे काही आठवडे मागच्या इयत्तेच्या उजळणीत जातात, आणि ते जायलाच हवेत. मग आषाढीची दिंडी, पंधरा ऑगस्ट, गणपती आणि नवरात्र येतं. प्रत्यक्ष नवीन शिकवणं जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत दाटलेलं असतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. सुरुवात २०२५-२६ मध्ये पहिलीपासून झाली. त्यामुळे धड्यांची नावं आणि क्रम यात अडकू नका. पुस्तक बदललं तरी तिसरीच्या मुलाकडून अपेक्षित असलेल्या गोष्टी, शाळेच्या भाषेत 'अध्ययन निष्पत्ती', फार हलत नाहीत.

मराठी: अक्षर ओळखणं आणि वाचणं यात फरक आहे

तिसरीच्या पहिल्या सत्रात मराठीच्या तासाला चार कामं सुरू असतात. ऐकून समजणं, मनातलं सलग बोलणं, अनोळखी मजकूर वाचणं आणि स्वतःचं चार-पाच ओळी लिहिणं. यातलं वाचन मोजता येतं.

देशभरात ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात वाचनाचा वेग ठरवून दिला आहे. दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६०, तेही अर्थ समजून. म्हणजे दिवाळीच्या सुमारास तिसरीतलं मूल ४५ च्या खाली असेल, तर त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं. घरी मोजायचं असेल तर मुलाने आधी कधी न वाचलेला, सोपा, ठळक टाइपातला ऐंशी-शंभर शब्दांचा उतारा घ्या. एक मिनिट लावा. बरोबर वाचलेले शब्दच मोजा. मूल अडलं तर तीन-चार सेकंद थांबा, मग शब्द सांगा आणि तो चुकीत धरा. मग उताऱ्यावर चार प्रश्न विचारा. दोन असे, ज्यांचं उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेलं आहे. एक असा, ज्यासाठी दोन वाक्यं जोडावी लागतील. आणि एक 'का?' असं विचारणारा. वेग चांगला पण शेवटचे दोन प्रश्न कोरे, असं मूल वर्गात हमखास 'छान वाचतं' म्हणून गणलं जातं. अडचण पुढे परिसर अभ्यासाच्या पुस्तकाशी गाठ पडल्यावर कळते.

मराठीत शब्द मोजताना एक लक्षात ठेवायला हवं. आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात. 'शाळा' वाचणारं मूल 'शाळेतल्यासारखं'पाशी थांबतं. म्हणून एकेक अक्षर बोट ठेवून वाचण्याची सवय तिसरीत सुटली पाहिजे. शब्दाचा मूळ भाग एका नजरेत ओळखता आला की शेपटी वाचायला वेळ मिळतो.

मुलं अडतात ती मुख्यतः जोडाक्षरांवर. शिकवण्याचा बरा क्रम असा आहे. आधी एकाच अक्षराचं द्वित्त: पक्का, कच्चा, अण्णा. मग उभ्या दांड्याची अक्षरं, जिथे दांडा गेला की अर्धं अक्षर होतं: पुस्तक, ग्लास, म्हैस. सगळ्यात शेवटी 'र'. हा 'र' चार ठिकाणी चार रूपं घेतो: सूर्य मध्ये डोक्यावर, चक्र मध्ये पोटात तिरका, ट्रक मध्ये खाली टोपीसारखा आणि सुऱ्या मध्ये चंद्रकोरीसारखा. चारही रूपं एकाच आठवड्यात फळ्यावर लिहून दिली की मुलाला एकही धड येत नाही. एका रूपाला चार-पाच दिवस आणि त्याचे पंधरा-वीस शब्द, इतकं सावकाश घ्यावं लागतं.

लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ असतो. तिसरीत नियम पाठ करून घेण्याची गरज नाही, पण शब्दांच्या जोड्या लिहून घ्याव्यात: फूल–फुलाला, मूल–मुलाचा, दूध–दुधात, वीट–विटेवर. शब्द एकटा असताना दीर्घ आणि प्रत्यय लागला की ऱ्हस्व, हे दहा-पंधरा जोड्यांनंतर मुलाच्या हाताला आपोआप समजतं. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो (पाणी, वस्तू, मी, तू), हेही तसंच.

वहीत तीन प्रकारचं लेखन दिसायला हवं: पाहून लिहिलेलं (अनुलेखन), ऐकून लिहिलेलं (श्रुतलेखन) आणि स्वतःच्या मनाचं. पहिलं भरपूर, दुसरं थोडं आणि तिसरं जवळजवळ नाही, अशी वही असेल तर ती कितीही सुवाच्य असली तरी काळजीची आहे. 'माझा आवडता प्राणी' या विषयावर वर्गातल्या सगळ्या वह्यांत 'कुत्रा इमानी प्राणी आहे' हेच वाक्य असेल, तर ते लेखन फळ्यावरून आलेलं आहे. मुलाने शेजारच्या बोक्याबद्दल तीन चुकीच्या ओळी लिहिल्या तरी त्या जास्त मोलाच्या.

घरात अहिराणी, कोरकू, गोंडी, पावरी किंवा मालवणी बोलली जात असेल तर पुस्तकी मराठी ही मुलासाठी काही अंशी किंवा पूर्णपणे वेगळी भाषा असते. अशा मुलाला आशय त्याच्या बोलीत सांगू द्यावा आणि मग तेच पुस्तकातल्या मराठीत लिहायला मदत करावी. बोली 'सुधारत' बसलं की मूल बोलणंच बंद करतं.

गणित: सगळी गडबड शून्यापाशी

तिसरीच्या गणिताचा कणा म्हणजे स्थानिक किंमत. एकक, दशक आणि शतक पक्कं होऊन हजाराकडे जायचं असतं. 'निपुण'ची अपेक्षा तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येण्याची आहे. पहिल्या सत्रात तीन अंकी संख्या, त्यांची हातच्याची बेरीज-वजाबाकी आणि गुणाकाराची सुरुवात एवढं नीट झालं तरी पुष्कळ झालं.

मराठी मुलाची पहिली अडचण संख्यांच्या नावांतच आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी. म्हणून ५२ आणि २५ ची अदलाबदल होते. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ यांत तर पुढच्या दशकाचं नाव येतं. ५९ लिहायला सांगितलं तर मूल 'साठ' ऐकून ६९ लिहितं. ८९ हा एकोणनव्वद, पण ९९ मात्र नव्याण्णव. म्हणजे तिथे नियमही बदलला. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं वाचन दिलं तेव्हा राज्यभर वाद झाला होता. भाषेच्या बाजूने काहीही म्हणा, अडचण खोटी नव्हती. उपाय साधा आहे. संख्या ऐकली की आधी काड्या मांडायच्या आणि मग लिहायची. दहा-दहाचे गठ्ठे डावीकडे, सुट्या काड्या उजवीकडे. एकोणसाठला पाच गठ्ठे आणि नऊ सुट्या दिसल्या की हात ६९ कडे जात नाही.

शतकाच्या पुढे दुसरी चूक येते. 'दोनशे पाच' सांगितलं की मूल २००५ लिहितं आणि 'तीनशे पन्नास' सांगितलं की ३००५०. त्याने ऐकलं ते तसंच्या तसं लिहिलं. दोनशे, म्हणजे २००, आणि पुढे पाच. याचा अर्थ त्याला जागा कळलेली नाही. इथे खेळातल्या नोटा फार उपयोगी पडतात: शंभराच्या दोन, दहाची एकही नाही, एक रुपयाची पाच नाणी. 'दहाची एकही नाही' हे मोठ्याने म्हणायचं आणि त्या घरात शून्य लिहायचं. शून्य म्हणजे 'काही नाही' एवढंच सांगून मुलं फसतात, कारण मग ते लिहायचंच कशाला?

बेरजेतली नेहमीची चूक अशी: ४७ + ३८ = ७१५. सात आणि आठ पंधरा, चार आणि तीन सात. मुलाची बेरीज बरोबर आहे, फक्त पंधरातला दशक आपल्या घरात गेलेला नाही. 'हातचा एक' हे शब्द पाठ असूनही ही चूक होते. कारण हा 'एक' म्हणजे प्रत्यक्षात दहा सुट्यांचा बांधलेला गठ्ठा आहे, हे कुणी काड्यांना रबरबँड लावून दाखवलेलं नसतं.

वजाबाकीत चूक आणखी लपलेली असते. ४०२ − १७८ दिलं की कितीतरी मुलं ३७६ लिहितात. आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेलं सात, चारातून एक गेला तीन. प्रत्येक घरात त्यांनी मोठ्यातून लहान वजा केलं आहे. बरोबर उत्तर २२४. नुसता लाल फुलीचा शेरा इथे काही शिकवत नाही. क्रम असा हवा: दोन सुट्यांतून आठ जात नाहीत. दशकाकडे मागायला जावं तर तिथे शून्य. म्हणून शतकाकडे जायचं. चार शतकांपैकी एक सोडलं की दहा दशक मिळाले. शतक उरले तीन. दहा दशकांपैकी एक सोडला की दहा सुटे मिळाले. दशक उरले नऊ, सुटे झाले बारा. आता बारातून आठ चार, नवातून सात दोन, तिनातून एक दोन. हे आधी नोटांनी करायचं, मग चित्राने, मग अंकांनी. आधी मधलं शून्य नसलेली उदाहरणं (४५२ − १७८) आठवडाभर आणि नंतर शून्याची. पुस्तकात दोन्ही एकाच पानावर असली तरी एकाच दिवशी करू नयेत. ताळा बेरजेने घ्यायचा: २२४ + १७८ = ४०२. ही सवय तिसरीत लागली तर पुढे टिकते.

गुणाकार पाढ्यांनी सुरू होत नाही. तो 'चार ओळींत सहा-सहा चिंचोके' असा मांडणीने सुरू होतो आणि पाढा नंतर येतो. पाढे पाठ हवेतच, त्यात काही मागासलेपण नाही. पण सहा सत्ते विसरलं तर 'पाच सत्ते पस्तीस आणि आणखी सात' असं मुलाला काढता आलं पाहिजे. नुसती चाल पाठ असणारं मूल सहा सत्ते विचारलं की 'सहा एके सहा'पासून सुरुवात करतं. मधूनच विचारलं की हे लगेच कळतं.

शाब्दिक उदाहरणांत एक वाईट सवय शिकवण्यातूनच येते: 'एकूण' दिसलं की बेरीज आणि 'उरले' दिसलं की वजाबाकी. या युक्तीने सुरुवातीची दहा उदाहरणं पटापट सुटतात. मग असं येतं: 'रमाकडे ४५ मणी आहेत. ते सायलीच्या मण्यांपेक्षा १२ ने जास्त आहेत. सायलीकडे किती?' 'जास्त' दिसलं म्हणून मूल ५७ लिहितं. उत्तर ३३ आहे. वाचल्यावर लगेच क्रिया निवडू न देता 'कुणाकडे जास्त आहेत?' एवढंच आधी विचारावं आणि दोन पट्ट्या काढून घ्याव्यात, एक लांब आणि एक आखूड.

मापनाचं काम या सत्रात थोडंच असतं. पण पट्टी वापरताना मूल ० ऐवजी १ वर टोक लावतं का, एवढं बघा. बघितलं नाही तर त्याने मोजलेली प्रत्येक रेघ एक सेंटिमीटरने मोठी भरते.

परिसर अभ्यास: पावसाळ्यात दिशा शिकवायची पंचाईत

तिसरीच्या परिसर अभ्यासात सजीव-निर्जीव, वनस्पती आणि प्राणी, पाणी, हवा, अन्न, कुटुंब, गाव, दिशा आणि नकाशा अशी भरगच्च यादी असते. पुढे जाऊन आपल्या जिल्ह्याची ओळख. वाचून उत्तरं लिहिण्यासारखा हा विषय वाटतो आणि बहुतेक घरी तसाच करवला जातो. प्रत्यक्षात यात मुलाने बघणं, नोंदवणं आणि त्यातून काही म्हणणं अपेक्षित आहे.

दिशांचंच घ्या. उगवत्या सूर्याकडे तोंड करा, समोर पूर्व, मागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. हे बरोबर आहे. पण सूर्य नेमका पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. शाळा उघडते तेव्हा, जूनमध्ये, महाराष्ट्रात तो पूर्वेपासून जवळपास २५ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे जूनमध्ये मैदानावर आखलेली 'पूर्व' बरीच तिरकी येते.

सावलीची युक्तीही पावसाळ्यात दगा देते. 'दुपारची सावली उत्तरेला पडते' असं सर्रास सांगितलं जातं, पण महाराष्ट्र संपूर्ण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैअखेरीस सूर्य मध्यान्हाला डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन तारखांच्या मध्ये मध्यान्हाची सावली चक्क दक्षिणेला पडते. जिल्ह्याजिल्ह्यात तारखा काही दिवसांनी मागेपुढे होतात, पण जूनअखेर सगळ्या राज्यात हीच स्थिती असते. आधीच ढगाळ दिवस, त्यात ही भानगड.

म्हणून हा उपक्रम सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घेणं शहाणपणाचं. तेव्हा पाऊसही उघडीप देतो. कोणत्याही महिन्यात अचूक चालणारी पद्धत अशी: सपाट जागी हातभर काठी सरळ उभी रोवा. सकाळी अकराच्या सुमारास सावलीच्या टोकाला खडा ठेवा. काठीच्या बुंध्यापासून त्या खड्यापर्यंत दोरी धरून काठीभोवती वर्तुळ काढा. सावली आधी आखडत जाईल आणि मग वाढेल. दुपारी तिचं टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल तिथे दुसरा खडा ठेवा. पहिल्या खड्याकडून दुसऱ्याकडे ओढलेली रेघ पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. उपक्रम फसतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी: काठी तिरकी असते किंवा मधल्या सुट्टीत कुणीतरी खडा हलवतं. सावली सगळ्यात आखूड घड्याळात बरोबर बाराला होत नाही, हेही मुलांच्या लक्षात येतं. सप्टेंबरअखेर मुंबईत ती साडेबाराच्या सुमारास होते आणि नागपुरात त्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी.

नकाशाची चूक वेगळी. नकाशा भिंतीवर टांगलेला असतो, उत्तर वर लिहिलेली असते, आणि 'उत्तर कुठे?' विचारलं की मूल छताकडे बोट दाखवतं. नकाशा आधी जमिनीवर पसरून, मैदानावर सापडलेल्या उत्तरेशी जुळवून ठेवला की हा घोळ होत नाही. पहिला नकाशा जिल्ह्याचा नसावाच. आधी टेबलावरच्या वस्तू वरून पाहून काढायच्या, मग वर्ग, मग शाळेचं आवार, मग घर ते शाळा रस्ता. एवढ्या पायऱ्या झाल्यावर जिल्ह्याचा नकाशा मुलासाठी नुसतं रंगवायचं चित्र राहत नाही.

बी रुजण्याचा प्रयोग मात्र याच सत्रात उत्तम होतो. मूग रात्रभर भिजवा. तीन वाट्यांत दहा-दहा दाणे घ्या. भिजवलेले दाणे एका वाटीत ओल्या कापडावर ठेवा आणि दुसऱ्या वाटीत पूर्ण पाण्यात बुडवून ठेवा. तिसऱ्या वाटीत न भिजवलेले कोरडे दाणे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओल्या कापडावरच्यांना लांब मोड, कोरडे तसेच, आणि बुडवलेले काही दिवसांत वास मारायला लागतात, कारण त्यांना हवा मिळत नाही. चौथी वाटी ओल्या कापडाचीच, पण अंधाऱ्या कपाटात ठेवा. मोड तिथेही येतात. 'रोपाला ऊन लागतं, म्हणून बियांनाही लागत असणार' हा समज तिथेच मोडतो. फसतं ते कापड सुकल्यामुळे, शनिवार-रविवारी हमखास. म्हणून प्रयोग सोमवारी लावा. आणि रोज किती दाण्यांना मोड आले ती संख्या तक्त्यात लिहून घ्या, नाहीतर मोड मुलांच्या पोटात जातात आणि वही कोरी राहते.

इंग्रजी आणि बाकीचे तास

राज्यात इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासूनच शिकवली जाते. तिसरीत तिचं काम मुख्यतः कानाचं आणि तोंडाचं आहे: वर्गातल्या सूचना समजणं, स्वतःबद्दल दोन-तीन वाक्यं बोलणं, रंग, वस्तू आणि आकडे यांची नावं, आणि लहान-लहान शब्द वाचणं. मराठीत चिन्ह आणि उच्चार जवळजवळ बांधलेले असतात. तीच अपेक्षा मूल इंग्रजीकडून करतं आणि गोंधळतं. 'ए' हे अक्षर कॅट मध्ये एक, केक मध्ये दुसरा आणि कार मध्ये तिसराच उच्चार देतं. म्हणून अक्षराच्या नावाबरोबर आवाजही शिकवावा लागतो आणि एकसारख्या आवाजाचे शब्द एकत्र द्यावे लागतात: कॅट, बॅट, मॅट. 'बी' आणि 'डी'ची लहान अक्षरं उलटी लिहिणं या वयात नेहमीचं आहे. भरपूर सराव करूनही ते वर्षभर कमी झालं नाही तर शिक्षकांशी बोलावं. मूल कविता घडाघडा वाचत असेल तर चित्र झाका आणि मधल्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवा. ते वाचतंय की पाठ म्हणतंय हे कळेल.

कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या तासांना गणिताचा राहिलेला पोर्शन भरून काढण्याची प्रथा आहे. ती चुकीची आहे, एवढंच म्हणू. राखी, मातीचा गणपती आणि आकाशकंदील करताना मूल मोजतं, दुमडतं, कापतं. कंदिलाच्या करंज्या सारख्या आकाराच्या आल्या नाहीत तर कंदील उभाच राहत नाही. लंगडी, खो-खो आणि लेझीममध्येही नियम पाळणं आणि ताल धरणं हेच तपासलं जातं.

प्रगतिपत्रक कसं वाचायचं

सत्र संपल्यावर हातात येणारी श्रेणी कशातून बनते हे पालकांना फार क्वचित सांगितलं जातं. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात दोन भाग आहेत. आकारिक म्हणजे शिकवणं चालू असताना केलेलं: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय वगैरे. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी घेतलेलं. इयत्तेनुसार वजन बदलतं. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला ५०-५०. तिसरीच्या संकलित चाळीसपैकी १० तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे आणि ३० लेखी. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाला लेखी परीक्षा नाही. तिथे सगळं आकारिकच.

शंभरपैकी बेरजेवर श्रेणी मिळते: ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, आणि तशीच पुढे उतरत जाते. आता दोन मुलं पाहा. एकाला आकारिकात ५२, तोंडीत ९, लेखीत १७. दुसऱ्याला ४१, ७ आणि ३०. दोघांची बेरीज ७८, दोघांना ब-१. पहिलं वर्गात बोलतं, करतं, पण कागदावर अडतं. कदाचित त्याचं वाचनच मंद आहे आणि प्रश्न वाचेपर्यंत वेळ संपतो. दुसरं पेपर पूर्ण सोडवतं, पण प्रकल्प आणि तोंडी कामात मागे आहे. दोघांना लागणारी मदत पूर्ण वेगळी, पत्रकावर मात्र अक्षर एकच. म्हणून श्रेणी बघून परत फिरू नका. फोड विचारा. ती शिक्षकांच्या मूल्यमापन नोंदवहीत असते.

श्रेणीशेजारी वर्णनात्मक नोंद असते. 'अभ्यासात प्रगती चांगली' अशी नोंद कुणाच्याही पत्रकावर चालेल, म्हणजे तिचा उपयोग नाही. 'तीन अंकी वजाबाकीत मधल्या शून्यापाशी अडतो' ही कामाची नोंद. पालकसभेत शिक्षकांना 'कसा आहे अभ्यासात?' असं विचारलं तर पहिल्या प्रकारचंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: अनोळखी उतारा मिनिटाला किती वाचतो? हातच्याची वजाबाकी नोटांशिवाय जमते का? स्वतःच्या मनाने किती ओळी लिहितो? साठ-सत्तर मुलांच्या पालकांना एका दुपारी भेटणाऱ्या शिक्षकांनाही असा नेमका प्रश्न सोयीचा वाटतो.

दिवाळीच्या सुट्टीचा गृहपाठ शाळा देतेच. त्यात भर घालायची असेल तर रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन आणि वजाबाकीची तीन उदाहरणं, त्यातलं एक मधल्या शून्याचं. दुसऱ्या सत्रात भागाकार आणि अपूर्णांक येतात आणि भागाकाराच्या प्रत्येक पायरीला वजाबाकी करावी लागते. फराळाचे लाडू ताटांत सारखे मांडायला मुलाला बसवलंत तर भागाकाराची पहिली पायरी सुट्टीतच होईल. मात्र दोन्ही प्रकारे विचारा: बारा लाडू चार ताटांत सारखे वाटले तर एका ताटात किती, आणि एका ताटात चार-चार ठेवले तर ताटं किती लागतील. उत्तर दोन्हींचं तीनच, पण मांडताना मुलाचे हात वेगवेगळं काम करतात.